बावीस हजार रुपये, पाच डॉक्टर

२६ नोव्हेंबर १९३७ या तारखेचे एक पत्र चीनच्या शान्सी प्रांतातून जवाहरलाल नेहरूंना आले. लिहिणारे होते चू तेह, जपानी फौजांशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेचे सरसेनापती. त्यांनी भारतीय जनतेच्या सहानुभूतीबद्दल आभार मानले होते आणि डॉक्टर, परिचारक, औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे मागितली होती. पत्र लिहिणाऱ्याकडे औषधे नव्हती आणि ज्याला लिहिले त्याच्याकडे राज्य नव्हते. नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष होते, पण भारताचे सैन्य, भारताची तिजोरी, भारताचे परराष्ट्र खाते सारे ब्रिटिशांच्या ताब्यात होते. काँग्रेसला परदेशी माणूस पाठवायचा तर त्याचा पासपोर्टसुद्धा इंग्रज सरकारकडून घ्यावा लागे.

अशा देशाकडे कोणी मदत का मागावी? कारण ज्यांच्याकडे राज्ये होती, त्यांच्याकडे मागून झाले होते.

जपानने १९३१ मध्ये मांचुरिया गिळला तेव्हा चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. राष्ट्रसंघाने लिटन आयोग नेमला. आयोगाचा अहवाल आला, १९३३ मध्ये तो स्वीकारला गेला, आणि जपानने मांचुरियातून माघार न घेता राष्ट्रसंघच सोडून दिला. जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि उघड युद्ध पेटले. ६ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रसंघाच्या सभेने चीनला पाठिंबा जाहीर केला. तो नैतिक पाठिंबा होता, ठरावात शब्दच तसा होता. पुढच्या महिन्यात ब्रुसेल्सला संबंधित राष्ट्रांची परिषद भरली, तीन आठवडे चालली आणि काहीही न ठरवता उठली. चू तेह यांच्या पत्राची तारीख ब्रुसेल्सची परिषद आटोपल्यानंतर दोनच दिवसांची आहे. त्या वेळी जपानच्या विमानांत जळणाऱ्या तेलाचा मोठा भाग अमेरिकेतून येत होता, आणि जपानच्या भट्ट्यांतले मोडीचे लोखंडही. लोखंडाची मोड विकणे अमेरिकेने १९४० च्या शरद ऋतूत थांबवले, तेल १९४१ च्या उन्हाळ्यात.

जिनिव्हात भारतालाही खुर्ची होती. राष्ट्रसंघाचा भारत हा स्थापनेपासूनचा सभासद. फक्त त्या खुर्चीवर कोणी बसायचे आणि काय बोलायचे हे भारतीयांच्या हाती नव्हते. त्यामुळे चीनबाबत भारताचे खरे मत काय, हे जिनिव्हाच्या कागदपत्रांत सापडत नाही. ते सापडते काँग्रेसच्या ठरावांत, वर्गणीच्या पेट्यांत आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून निघालेल्या एका बोटीच्या उतारूंच्या यादीत. त्या यादीत सोलापूरचा एक सत्तावीस वर्षांचा डॉक्टर होता.

जुने देणे

चीनच्या दुःखाशी भारताचा संबंध त्या पत्रापासून सुरू झाला नव्हता. तो शंभर वर्षे जुना होता आणि त्यात अभिमान वाटावा असे फारसे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात चीनला व्यसन लावणारी अफू भारतात पिकत होती. बिहार-बनारसची अफू कलकत्त्याहून, माळव्याची अफू मुंबईहून आणि काही काळ दमणहून जाई. मुंबईच्या कितीतरी पेढ्या कापूस आणि अफूच्या चिनी व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती त्याच व्यापारातली. त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय आजही हजारो गरिबांचा आधार आहे. पैसा कुठून आला आणि कुठे गेला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चीनने अफू अडवली तेव्हा इंग्रजांनी जे युद्ध केले, त्यात मद्रासची नेटिव्ह पायदळे लढली. १९०० मध्ये बॉक्सर उठाव चिरडायला पेकिंगवर चालून गेलेल्या फौजेतही हिंदी शिपाई होते. चीनला होणारी अफूची विक्री थांबली १९१३ मध्ये.

भारतीय शिपाई तिथे स्वतःच्या मर्जीने गेला नव्हता, हा बचाव खरा आहे. पण गोळी लागणाऱ्या चिन्याला त्याचा उपयोग नव्हता. १९२७ मध्ये शांघायच्या परकीय वसाहतींच्या रक्षणासाठी पुन्हा हिंदी पलटणी रवाना झाल्या, तेव्हा काँग्रेसने हा बचाव पुरेसा मानला नाही. त्याच वर्षी नेहरू ब्रुसेल्सच्या साम्राज्यविरोधी परिषदेत चिनी प्रतिनिधींना भेटले होते. हुबळीच्या डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाने चीनमध्ये एक रुग्णसेवा पथक पाठवायचे ठरवले. सरकारने पासपोर्ट नाकारले. डिसेंबर १९२७ च्या मद्रास अधिवेशनात या नकाराचा निषेध झाला आणि चीनमधून हिंदी सैन्य परत आणा अशी मागणी झाली. तात्पर्य, १९३८ चे पथक म्हणजे कुणाच्या डोक्यात एका रात्रीत आलेली कल्पना नव्हती. ती अकरा वर्षे अडवून ठेवलेली गोष्ट होती.

काँग्रेसची भूमिका या काळात हळूहळू घडत गेली. परक्याच्या हुकमाने आपली माणसे ज्यांच्यावर चालून गेली, त्यांच्याबाबत आपली काही जबाबदारी उरते का? ती उरते असे मानले, तर ती पार पाडायला स्वराज्य मिळेपर्यंत थांबायचे का? ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि जपानी माल घेऊ नका असे लोकांना सांगितले. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात तेच पुन्हा सांगितले गेले.

कापड, कापूस आणि सहानुभूती

बहिष्काराच्या ठरावामागे केवळ करुणा होती असे म्हटले तर इतिहासाशी लबाडी होईल, आणि सोलापूरच्या माणसाला तर ते पटणारही नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू यांच्या भोंग्यांवर या शहराचे घड्याळ चाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी मंदी आली आणि पाठोपाठ स्वस्त जपानी कापडाचा लोंढा आला. सरकारने जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उलट भारतीय कापूस घेणेच बंद केले. कापसाचे भाव पडले, शेतकरी ओरडू लागला, आणि १९३४ च्या करारात जपानने किती कापूस घ्यायचा आणि त्या बदल्यात भारताने किती कापड येऊ द्यायचे याचे प्रमाण ठरले. म्हणजे जपानी कापडावर बहिष्कार हा गिरणीमालकाच्या सोयीचा होता आणि कापूस पिकवणाऱ्याच्या गैरसोयीचा. ज्या जपानवर बहिष्कार घालायचा, तोच आपल्या कापसाचा मोठा गिऱ्हाईक होता.

स्वार्थ आणि नीती अशी एकमेकांत गुंतलेली असतानाही काही गोष्टी स्वार्थाच्या हिशेबात बसत नव्हत्या. त्या काळच्या भारतात जपानबद्दल मोठे आकर्षण होते. १९०५ मध्ये रशियाला हरवणारे आशियाई राष्ट्र म्हणून शिकलेल्या पिढीने जपानचे कौतुक केले होते. जपानचा दावाही मोहक होता, की आम्ही आशिया गोऱ्यांच्या हातून सोडवत आहोत. १९३८ च्या उन्हाळ्यात जपानी कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून हाच युक्तिवाद केला. टागोर जपानचे जुने चाहते. तरीही त्यांनी तो फेटाळला. कवट्यांच्या मनोऱ्यावर उभा राहणारा आशिया आपल्याला नको, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. सुभाषचंद्र बोस यांनीही ऑक्टोबर १९३७ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात जपानच्या सामर्थ्याचे वर्णन करतानाच त्याने चीनवर केलेल्या अत्याचाराला दोष दिला होता. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा हिशेब या दोघांनी त्या वेळी मानला नाही.

हरिपुऱ्याला काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषबाबूंनीच चू तेह यांच्या पत्राला प्रत्यक्ष उत्तर दिले. ३० जून १९३८ रोजी त्यांनी आवाहन काढले. युद्धाला एक वर्ष होत होते. ७ ते ९ जुलै हे तीन दिवस देशभर चीनसाठी निधी गोळा झाला. सुमारे २२ हजार रुपये जमले. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधांच्या आणि हत्यारांच्या पेट्या आणि पाच डॉक्टरांचे एक पथक पाठवायचे ठरले.

चीनमधले जखमी लाखांच्या घरात होते. त्यांच्यापुढे ही रक्कम काहीच नव्हती, हे देणाऱ्यांनाही कळत होते.

सोलापूरचा द्वारकानाथ

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करून आले होते. त्यांच्या जोडीला नागपूरचे ज्येष्ठ डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. कलकत्त्याचे दोघे, डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजयकुमार बसू. पाचवे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मोठ्या कुटुंबातले मध्यमवर्गीय घर. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात झाले. १९२६ मध्ये परळला सुरू झालेल्या या महाविद्यालयाची एक खास गोष्ट होती: देणगीदारांची अट अशी की अध्यापक सारे भारतीय असावेत. गोऱ्या डॉक्टरच्या हाताखालीच हिंदी डॉक्टर शिकतो, हा समज मोडायला काढलेले ते कॉलेज. कोटणीस १९३६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते, तेवढ्यात चीनला जाणाऱ्या पथकाची बातमी आली.

चीनबद्दल त्या घराला किती माहिती होती? त्यांच्या भगिनींनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, दारावर चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढाच चीन त्यांना ठाऊक होता. कोटणीस चीनला गेले ते चिनी राजकारण कळले म्हणून नव्हे. पण ज्या गावातून ते गेले त्याला परकीय फौजेचा अर्थ चांगला कळत होता.

ते एकोणीस वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. पुढचे काही दिवस सरकारी अंमल शहरातून जवळपास उठला होता आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. शहराने सुमारे सात आठवडे तो सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. चार हुतात्म्यांचे हे शहर. शहरावर लष्कर बसवले जाते म्हणजे काय होते, हे सोलापूरकरांना वर्तमानपत्रातून वाचायची गरज नव्हती.

मुंबईतल्या निरोपाच्या सभेत सरोजिनी नायडू बोलल्या. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच जण ‘राजपुताना’ बोटीवर चढले. याच बोटीने १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते. इंग्रजांशी वाटाघाटी करायला निघालेला भारत आणि चीनचे जखमी बांधायला निघालेला भारत, दोघांनीही त्यांच्याच कंपनीच्या बोटीचे तिकीट काढले होते.

पडत्या शहरांतून

पथक कॅन्टनला पोचले तेव्हा सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. सप्टेंबरच्या अखेरीस ते हांकोला पोचून रेड क्रॉसच्या कामाला लागले. महिना झाला नाही तोच २१ ऑक्टोबरला कॅन्टन पडले आणि २५ ला हांको. डॉक्टर जखमींबरोबर मागे हटत यांगत्सेच्या काठाने इचांगला आणि तिथून चिआंग कै-शेक यांच्या युद्धकालीन राजधानीला, चुंगकिंगला गेले. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी तिथे पाचही जणांना चिनी नावे दिली. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ.

चुंगकिंगलाच कोटणीसांना घरून बातमी आली: वडील गेले. पथक अजून कुठेच स्थिर झाले नव्हते. उत्तरेकडे जायची परवानगी मिळवण्यात दिवस जात होते. परतायला यापेक्षा सबळ कारण कुठले? सोबत्यांनी त्यांना जायला मोकळीक दिली. कोटणीस परत गेले नाहीत.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांमध्ये कम्युनिस्टांची राजधानी होती, रुग्णालयही गुहांतच होते. माओ त्से-तुंग त्यांना भेटले, आणि २४ मे १९३९ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहून या मदतीबद्दल आभार मानले. ऑगस्टमध्ये नेहरू स्वतः चुंगकिंगला गेले. पण युरोपात युद्ध सुरू झाले आणि त्यांना दौरा आवरून परतावे लागले.

मुळात पथकाची मुदत साधारण वर्षाची होती. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने १९३९ मध्येच परतले. अटल यांनाही त्वचेच्या विकाराने पुढच्या वर्षी माघारी यावे लागले. उरले बसू आणि कोटणीस. दोघे आघाडीच्या जवळ गेले, शान्सीत चू तेह यांना भेटले आणि १९४० च्या उन्हाळ्यात जपानी ताब्यातल्या रेल्वेमार्गांच्या मधोमध असलेल्या शान्सी-चाहार-होपेई या सीमाप्रदेशात पोचले. काही महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, याच भागात कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून बोटाला झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन वारले होते. त्यांच्या समाधीच्या समारंभाला कोटणीस हजर होते. तिथे त्यांची कुओ चिंग-लान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीशी ओळख झाली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने जपानी रेल्वे आणि ठाण्यांवर मोठा हल्ला चढवला. तो ‘शंभर पलटणींची मोहीम’ म्हणून ओळखला जातो. या मोहिमेतल्या एका लढाईत कोटणीसांनी आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले आणि सलग बहात्तर तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरे, टेबल म्हणजे दाराची फळी. शत्रू जवळ आला की सारे उचलून दुसऱ्या खेड्यात जायचे. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. बसूंना येनानला परत बोलावले गेले होते. पाचांपैकी आता सीमाप्रदेशात एकच उरला.

त्यांनी आणखी एक काम हाती घेतले, ज्याची दखल त्यांच्यावर पुढे निघालेल्या चित्रपटात बसत नाही. ते शिकवू लागले. बेथूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांना ते चिनी भाषेत शल्यशास्त्र शिकवत, आणि त्यांच्यासाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तकही लिहीत होते. परदेशातून आलेला डॉक्टर फार तर काही हजार माणसे बरी करील. त्याने शिकवलेली मुले तो गेल्यावरही करत राहतील, हा हिशेब त्यांना कळला होता.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी कुओ चिंग-लान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्येह जुंग-चेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव यिनहुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. अपस्माराचे झटके त्यांना आधीपासून येत होते. विश्रांती घ्या, येनानला चला, असे सुचवले जात होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, लागोपाठ आलेल्या झटक्यांत, होपेईतल्या तांग परगण्यातल्या खेड्यात त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे होते. माओंनी शोकसंदेशात लिहिले की सैन्याचा एक आधार आणि राष्ट्राचा एक मित्र गेला.

पाठवणारे कुठे होते

कोटणीस वारले तेव्हा त्यांना पाठवणारे कुठे होते, हे पाहिले की या कथेची दुसरी बाजू दिसते.

नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी तिथे डांबली गेली होती. त्या ठरावाआधी चिआंग कै-शेक भारतात येऊन गेले होते. इंग्रजांविरुद्धचा लढा चीनच्या मुळावर येईल ही त्यांची भीती गांधीजींनी मनावर घेतली आणि जूनमध्ये त्यांना सविस्तर पत्र लिहिले: भारताची मागणी चीनला कमकुवत करण्यासाठी नाही. स्वतःच्या मुक्तीचा सर्वांत मोठा लढा छेडण्याच्या उंबरठ्यावरही दुसऱ्या देशाला उत्तर देणे आपल्याला लागते, असे या लोकांना वाटत होते.

सुभाषबाबू बर्लिनमध्ये होते. कोटणीसांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी ते टोकियोला पोचले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सरकार स्थापन केले. ज्या आक्रमकाच्या गोळ्या काढायला त्यांनी पाच डॉक्टर पाठवले होते, तोच आता त्यांचा मित्र होता. याला विश्वासघात म्हणणे सोपे आहे आणि असंबद्धही, कारण त्यांचा हेतू भारताच्या स्वातंत्र्याखेरीज दुसरा नव्हता. पण एक गोष्ट यातून दिसते. स्वतःचा फास आवळला की दुसऱ्याबद्दलचे कर्तव्य सर्वांत आधी बाजूला पडते, आणि हे मोठ्या माणसांच्या बाबतीतही घडते. ठराव करणारा देश, निधी देणारे लोक, पथक नेमणारा अध्यक्ष आणि परत आलेले सोबती, सारे आपापल्या कारणांनी दूर गेले. राष्ट्राने घेतलेली जबाबदारी शेवटी सोलापूरच्या एका माणसावर आली. वडिलांच्या अंत्यविधीलाही मुलाला मुकलेले घर, पतीला एक वर्ष पाहिलेली पत्नी आणि बापाला न ओळखणारा मुलगा यांनी तिची किंमत भरली. हा मुलगाही वैद्यक शिकत असताना १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच, वारला. कुओ चिंग-लान मात्र २०१२ पर्यंत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत जगल्या आणि कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते राखले.

आठवणीचा वापर

१९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्री त्यांच्या पत्नी. १९६२ च्या युद्धानंतर चीनच्या मैत्रीबद्दल बोलणे भारतात अवघड झाले. चीनमध्ये मात्र कोटणीस बाजूला पडले नाहीत. शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, तिथे त्यांचे स्मारक दालन आहे आणि त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा १९९२ पासून चालते. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले, भारताने १९९३ मध्ये. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटतात, हा जवळजवळ शिष्टाचारच झाला आहे. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे स्मारक २०१२ मध्ये खुले झाले.

सीमेवर तणाव असला तरी फुलांचे हार थांबत नाहीत, यात थोडे ढोंग आहेच. दोन्ही सरकारांना कोटणीस सोयीचे वाटतात, कारण ते काही मागत नाहीत. पण त्यांचे जाणे ज्या प्रश्नाचे उत्तर होते, तो प्रश्न अजून सुटलेला नाही: जगावरच्या संकटात आपला वाटा किती, आणि तो कधी भरायचा?

आजचा भारत राज्य असलेला देश आहे आणि या प्रश्नाची दोन्ही टोके त्याने अलीकडेच अनुभवली. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या करोनाच्या लसी भारताने शेजाऱ्यांना आणि दूरच्या देशांना पाठवायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये इथे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि त्या लसींची वाट पाहणारे आफ्रिकेतले देश तसेच राहिले. घर जळत असताना विहीर शेजाऱ्याला कोण देणार? कोणतेही सरकार कदाचित दुसरे काही करू शकले नसते. तरीही ज्यांना लस मिळाली नाही त्यांच्या बाजूने पाहिले, तर आपण १९३७ च्या राष्ट्रसंघासारखेच सहानुभूतीवर थांबलो.

हवामानाच्या वाटाघाटींत भारताची भूमिका १९९२ च्या रिओ परिषदेपासून ठाम आहे: जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, ज्यांनी दोनशे वर्षे धूर सोडला त्यांनी आधी आणि जास्त भरावे. हा मुद्दा न्याय्य आहे, आणि चीनशी आपल्या जुन्या नात्याकडे पाहिले तर तो अधिकच पटतो. अफूचा नफा ज्या साम्राज्याने खाल्ला, त्याचे देणे ती पिकवणाऱ्या कुळावर टाकता येत नाही. पण न्याय्य युक्तिवाद हा अनेकदा थांबून राहण्याचा परवानाही होतो. सावकाराने आधी फेडावे असे म्हणत सगळेच बसले, तर ज्याचे घर पाण्याखाली जाते आहे त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

आधी मोठ्यांनी द्यावे, असे म्हणण्याचा अधिकार १९३८ च्या भारताइतका जगात क्वचितच कोणाला असेल. तो स्वतः लुटलेला होता, त्याच्या माणसांना विचारल्याशिवाय चीनवर धाडले गेले होते, त्याच्याकडे राज्य नव्हते की कोष नव्हता. तो अधिकार त्याने सोडला नाही. राष्ट्रसंघावर, ब्रिटनवर, जपानवर त्याने कडक टीका केली. पण टीका करता करताच तीन दिवस वर्गणी मागितली आणि बावीस हजार जमले, तर बावीस हजारच पाठवले. रक्कम कमी आहे म्हणून पाठवणे थांबवले नाही. कोटणीसांच्या स्मारकाला जाणाऱ्या मंत्र्यांनी आणि राजदूतांनी त्या रकमेकडे पाहावे. जबाबदारीचा आकार ऐपतीवर ठरतो. तिची तारीख मात्र ऐपतीवर ठरत नाही, ती समोरच्याच्या गरजेवर ठरते.